भौगोलिक कारणे द्या

माणूस डॉक्टर होतो, इंजिनियर होतो, वकील होतो. अगदीच काही जमलं नाही तर बी.कॉम. होतो आणि बँकेत लागतो. भूगोल मात्र कुणी होत नाही. भूगोल ‘घ्यावा’ लागतो. “आमच्या मुलीनं भूगोल घेतलाय,” हे सांगताना आईबापांचा चेहरा ‘मुलीनं न विचारता हप्त्यावर काहीतरी घेतलंय’ असं सांगतानाच्या चेहऱ्यासारखा होतो. ऐकणाऱ्याच्या तोंडावर “अरेरे” आलेलं असतं. ते तो गिळतो, “अरे वा!” म्हणतो आणि लगेच विचारतो, “मग पुढे काय?”

हा ‘पुढे काय’ सगळ्या विषयांच्या वाट्याला येत नाही. आम्हां कॉमर्सवाल्यांना तो कुणीच विचारत नाही. आमच्या पुढे काय आहे ते सर्वांना दिसत असतं. आमच्या पुढे काच आहे, काचेला एक भोक आहे आणि भोकापलीकडे रांग आहे.

शाळेपासूनच भूगोलाची ही परवड. इतिहासाच्या तासाला घोडे उधळायचे, किल्ले सर व्हायचे. भूगोलाच्या तासाला मँगनीज सापडायचं. इतिहासात माणसं तहावर सह्या करायची, भूगोलात नद्या अरबी समुद्राला मिळायच्या, आणि त्याही दरवर्षी त्याच. वर्गात डुलकी कोणत्या तासाला लागायची हे सांगायला नको. पण या बिचाऱ्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असे. ‘भौगोलिक कारणे द्या.’ कोकणातील नद्या लांबीने कमी आहेत, भौगोलिक कारणे द्या. पठारावर पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो, भौगोलिक कारणे द्या. आपण गाइडातली दोन वाक्यं पाठ करायचो, दोन मार्क पदरात पाडून घ्यायचो आणि विसरून जायचो. त्या दोन मार्कांच्या प्रश्नात अख्खं नीतिशास्त्र दडलेलं आहे, असं मला हल्ली वाटायला लागलं आहे. हसू नका. बँकेत वीस-बावीस वर्षं काढल्यावर माणसाला काहीही वाटू शकतं.

याला निमित्त झाली आमच्या समोरच्या दारातल्या नानांची नात. नाना सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून काळजी करणं हे काम त्यांनी पूर्णवेळ पत्करलं. तीन वर्षांपूर्वी नात बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली आणि “मी भूगोल घेणार,” असं जाहीर करून मोकळी झाली. नानांनी आधी सुनेकडे “हिला ताप वगैरे नाही ना?” अशी चौकशी केली. मग रात्री साडेनऊला ते माझ्याकडे आले.

“तुम्ही बँकेत आहात. तुमचं ऐकेल ती. जरा समजवा.”

बँकेतल्या माणसाकडे लोक मुदतठेवीपासून मूतखड्यापर्यंत कशावरही सल्ला मागतात. मी तिला बोलावलं. आवाजात शक्य तेवढा शाखाधिकारी आणून विचारलं, “काय गं, भूगोल घेऊन करणार काय?”

“काका, तुम्ही कॉमर्स घेऊन काय करता?”

“मी लोकांचे पैसे मोजतो.”

“मी लोक कुठं राहतात ते मोजीन.”

पोरगी हुशार आहे, हे लक्षात आल्यावर मी मोर्चा नानांकडे वळवला. म्हटलं, “नाना, घाबरू नका. २०१६ ते २०१९ ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या ना, त्या थेरेसा मे, त्या ऑक्सफर्डला भूगोलच शिकल्या. बास्केटबॉलचा तो मायकेल जॉर्डन, तोही भूगोलाचा पदवीधर. मदर तेरेसा कलकत्त्याच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आणि इंग्लंडचा युवराज विल्यम २००५ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातून भूगोल घेऊनच बाहेर पडला.”

“त्याला नोकरी भूगोलामुळे लागली का?” नानांनी खवचटपणे विचारलं.

“शंभर टक्के भूगोलामुळे! कुठं जन्माला आला, एवढ्यावरच लागली.”

नाना हसले नाहीत. ते निवृत्त झाल्यापासून माझ्या विनोदाला हसत नाहीत. पण बोलून गेलेलं हे वाक्य माझ्याच डोक्यात घर करून बसलं. युवराजाचं सोडा. आपल्यापैकी कितीजणांच्या कर्तृत्वात ‘कुठं जन्माला आलो’ याचा वाटा किती, आणि खरोखरीचं स्वतःचं किती? व्याज किती आणि मुद्दल किती, हे वेगळं काढून दाखवणारा तक्ता आमच्याकडे कर्जासाठी असतो. माणसासाठी नसतो.

तर नातीनं भूगोल घेतला. त्यानंतर जे घरात आलं ते पाहून नानांना वाटलं की ही आर्किटेक्ट होते आहे. ड्रॉइंग शीट, रंगीत पेन्सिली, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे. हे खातं १७६७ सालचं. भूगोलवाली मंडळी या नकाशांना लाडानं ‘टोपोशीट’ म्हणतात. एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. निळं ते पाणी, हिरवं ते जंगल, पिवळी ती शेती, लाल ती वस्ती. देवळाला खूण, पोस्टाला खूण, विहिरीला खूण. आणि सगळ्या कागदावर पसरलेल्या तपकिरी वळणावळणाच्या रेषा, कुणीतरी कागदावर शेवया वाळत घातल्यासारख्या.

“या समोच्च रेषा,” नात म्हणाली. “एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर. दोन रेषांत वीस मीटरचा फरक. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की जमीन सपाट.”

मला हे फार आवडलं. कागद सपाट, पण वाचता येणाऱ्याला त्यात डोंगर दिसतो. आमचं पासबुक असंच असतं. नुसते आकडे, पण वाचता येणाऱ्याला मुलीचं लग्न कधी झालं, दवाखाना कधी लागला आणि मुलगा नोकरीला कधी लागला, हे सगळे चढउतार दिसतात.

दुसरी गोष्ट तिनं मला प्रक्षेपणांची सांगितली. पृथ्वी गोल, कागद सपाट, त्यामुळे जगाचा कोणताही नकाशा काही ना काही खोटं बोलल्याशिवाय काढताच येत नाही. आकार सांभाळावा तर क्षेत्रफळ बिघडतं, क्षेत्रफळ सांभाळावं तर आकार. मर्केटर नावाच्या गृहस्थानं १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी दिशा बिनचूक दाखवणारा नकाशा काढला. त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे. हे ऐकून नाना हादरले. मी नाही. मी ताळेबंद पाहिलेले आहेत. कोणती गोष्ट खरी दाखवायची हे आधी ठरवायचं आणि बाकीच्या गोष्टी त्यासाठी ताणायच्या, हे आम्हांला कॉमर्समध्ये पहिल्या वर्षापासून कळतं. फरक एवढाच की भूगोलवाले कशाचा बळी दिला ते प्रामाणिकपणे नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात.

आता हा विद्यापीठात शिकवण्याजोगा विषय आहे की नाही, याबद्दल नानांच्या आधीही मोठमोठ्या लोकांना शंका आलेली आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं १९४८ साली आपला भूगोल विभाग चक्क बंद करून टाकला. यात थोडी दगड-माती, थोडं हवामान, थोडं अर्थशास्त्र, थोडी माणसं. मग याचं स्वतःचं असं काय? भेळेवर हाच आक्षेप घेता येईल. कुरमुरे वाण्याचे, चिंच झाडाची, कांदा लासलगावचा. मग भेळवाल्याचं काय? भेळवाल्याचं एवढंच की त्याच्याशिवाय ती भेळ होत नाही.

पण दुसऱ्या बाजूला वजनदार साक्षीदार आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट. याचे ग्रंथ इतके अवघड की ते वाचले म्हणणारा माणूसही चारचौघांत विषय बदलतो. या कांटनं १७५६ ते १७९६ अशी चाळीस वर्षं कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात प्राकृतिक भूगोल शिकवला. स्वतः मात्र कोनिग्सबर्गपासून फार लांब कधी गेला नाही. चाळीस वर्षं जगाचा भूगोल, आणि प्रवासभत्त्याचं एकही बिल नाही! असा कर्मचारी आमच्या ऑडिटरना मिळाला असता तर त्यांनी त्याची आरती केली असती. गंमत म्हणजे कांट हलला नाही तरी त्याचं गाव हललं. १९४६ पासून त्याचं नाव कालिनिनग्राड आहे आणि ते रशियात आहे.

गंमतीची खरी गोष्ट पुढेच आहे. हाच कांट १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात सांगतो, की माणसाचा चांगुलपणा परिस्थितीवर अवलंबून नसतो. इच्छा शुद्ध असेल तर परिस्थितीनं हात बांधून तिच्याकडून काहीही पार पडू दिलं नाही, तरी तिची किंमत कमी होत नाही. म्हणजे बघा, एका हातानं हा गृहस्थ नद्या, वारे आणि पर्वत यांनी माणसांची आयुष्यं कशी घडतात ते शिकवतोय, आणि दुसऱ्या हातानं सांगतोय की चांगुलपणाचा त्याच्याशी संबंध नाही. एकाच टेबलावर आवक आणि जावक.

नातीच्या अभ्यासक्रमात हे भांडण चक्क एक धडा म्हणून आहे. एक पक्ष निसर्गवाद्यांचा. त्यांच्या मते निसर्ग मालक, माणूस चाकर. दुसरा पक्ष संभववाद्यांचा, त्यात फ्रान्सचे व्हिदाल द ला ब्लाश वगैरे. ते म्हणतात, निसर्ग फक्त ताट वाढून देतो, काय खायचं ते माणूस ठरवतो. तिसरे ग्रिफिथ टेलर. त्यांच्या मताला ‘थांबा आणि जा’ असंच नाव आहे. माणूस म्हणजे चौकातला वाहतूक पोलीस. तो गाड्या थांबवील, सोडील, पण रस्त्याची दिशा बदलणार नाही. टेलरसाहेब आमच्याकडच्या चौकात कधी उभे राहिलेले दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, असल्या वादाशी बँकेतल्या कारकुनाचा काय संबंध? तोच सांगतो.

दुसऱ्या वर्षाला त्यांची सहल सातारा जिल्ह्यात गेली. भूगोलवाले सहलीला ‘क्षेत्रभेट’ म्हणतात आणि परत आल्यावर अहवाल लिहितात, त्यामुळे जेवण सोडून सगळ्या गोष्टींची नोंद राहते. नातीनं पावसाचा स्तंभालेख काढून आणला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पंधराएक किलोमीटरवर पाचगणी, तिथं त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. आणि सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण तालुक्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, पालकमंत्री एकच, विठोबाही एकच. भौगोलिक कारण आपण सर्वांनीच पाठ केलेलं. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात, पाऊस तिथंच ओततात आणि पलीकडे उतरताना गरम आणि कोरडे होतात. त्या पलीकडच्या प्रदेशाला म्हणायचं पर्जन्यछाया. नाव काय गोड आहे! ऐकून वाटावं, पावसानं मायेनं सावली धरली आहे.

तिच्या आलेखातली ती दोन टोकं मी पाहिलेली आहेत. नोकरीच्या सुरुवातीला मी त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात एका शाखेत होतो. शाखेची जागा मोठी नमुनेदार. एका बाजूला फलटणच्या अंगाची गावं, दुसऱ्या बाजूला शंभूमहादेवाचा डोंगर चढून गेलं की माण. पाऊस म्हणाल तर दोन्हीकडे तोकडाच. पण फलटणच्या बाजूला नीरेचा उजवा कालवा. भाटघरच्या धरणात साठलेला सह्याद्रीचा पाऊस त्या कालव्यानं आयता दारात येतो. कालवा डोंगर चढत नाही, तो समोच्च रेषा धरून चालतो. त्यामुळे रेषेच्या खाली ऊस, रेषेच्या वर कुसळं. आणि आमच्या लेजरमध्ये रेषेच्या खालची मंडळी ‘व्यवहाराला चोख’, रेषेच्या वरची ‘थकबाकीदार’. सज्जन आणि दुर्जन यांच्यातली सीमारेषा वीस-वीस मीटरच्या अंतरानं आखता येते, हे तेव्हा कोणत्याही कीर्तनकारानं मला सांगितलेलं नव्हतं.

२००३ साली दुष्काळ पडला होता. माणच्या बाजूचे एक म्हातारे गृहस्थ दर तिमाहीला शाखेत यायचे. विहिरीसाठी कर्ज काढलेलं, विहिरीला पाणी लागलं नाही. ते यायचे, काउंटरपाशी टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, “सायेब, पैकं न्हाईत.”

मी एकदा विचारलं, “तात्या, पैसे नाहीत हे सांगायला एवढ्या लांबून एस.टी.नं येता कशाला? तिकिटाचे पैसे तरी वाचतील.”

“न सांगता ऱ्हानं बरं न्हवं, म्हनून आलो,” तात्या म्हणाले.

त्यांची फाइल साहेबांच्या टेबलावर गेली की साहेब म्हणायचे, “पैशाचा प्रश्न नसतो हो, नियतच नसते या लोकांची.” याच साहेबांना कालव्याकाठच्या एका बागायतदाराच्या नियतीबद्दल कधीही शंका आली नाही, कारण तो दरवेळी काकवीचा डबा घेऊन यायचा. पुढं त्याचंही कर्ज थकलं. वसुलीला गेलो तर दारात नवी जीप. म्हणाला, “यंदा पाऊस फार झाला बघा, साहेब!” भौगोलिक कारण!

आणि इथंच गोम आहे. भौगोलिक कारण ही गोष्ट तात्यांच्याही बाजूनं उभी राहते आणि जीपवाल्याच्याही. एकदा का ‘माझ्या वागण्याला माझा प्रदेश जबाबदार’ असं म्हणायची मुभा दिली, की मग कुणाचाच दोष उरत नाही. आमच्या सध्याच्या मुंबईतल्या शाखेत एक सहकारी रोज उशिरा येतो. त्याला कुणीतरी सांगितलं, की भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरची आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे एकोणचाळीस मिनिटं मागं असतो. खरंच आहे ते. एके काळी मुंबईची स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ होती, आणि प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईकरांनी ती कित्येक वर्षं सोडली नव्हती. तेव्हापासून हा गृहस्थ पावणेअकराला येतो आणि म्हणतो, “सूर्याच्या हिशेबानं मी वेळेवर आहे.” संध्याकाळी मात्र तो प्रमाणवेळेनं घरी जातो.

याहून वाईट प्रकार विद्वानांनी केला आहे. येल विद्यापीठाच्या एल्सवर्थ हंटिंग्टननं १९१५ साली हवामान आणि संस्कृती यांवर मोठा ग्रंथ लिहिला. उष्ण हवेतले लोक मंद, थंड आणि बदलत्या हवेतले तल्लख, असा एकंदर हिशेब. आणि सर्वांत उत्तम हवामान कुठलं निघालं? इंग्लंडसारख्या देशाचं आणि अमेरिकेच्या ईशान्य भागाचं, म्हणजे जिथं स्वतः हंटिंग्टनसाहेब राहत होते! आमच्या सोसायटीत सर्वांत हवेशीर फ्लॅट कुणाचा, याचं संशोधन प्रत्येकानं केलं आहे, आणि निष्कर्ष असाच निघतो. इथं कारण देता देता निकालच देऊन टाकला. माण तालुक्यात पाऊस कमी, हे कारण. माणची माणसं कमी, हा निकाल. पहिल्याला दोन मार्क, दुसऱ्याला शून्य.

मग भौगोलिक कारण द्यायचं तरी कधी?

याचं उत्तर पुस्तकात नाही, पण काही माणसांनी ते करून दाखवलं आहे. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचं गाव आहे. तेही पर्जन्यछायेतलंच. माणसं गाव सोडून चाललेली. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं डोंगरउतारावर सलग समतल चर खणायला घेतले. सलग समतल चर म्हणजे काय? नातीच्या नकाशातली तीच समोच्च रेषा, पण या वेळी कुदळीनं जमिनीवर काढलेली. उतारावरून धावत सुटणारं पाणी त्या चरात थांबतं, जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. ज्या रेषेनं एका ठिकाणी सज्जन आणि थकबाकीदार वेगळे केले, त्याच रेषेनं इथं गावाला पाणी दिलं. शिवाय हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, प्यायला किती, शेतीला किती, आणि त्यात बसतील तेवढीच पिकं. कॉमर्सच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं असा प्रकार! आम्ही पैशाच्या ताळेबंदात पाणी घालतो, त्यांनी पाण्याचाच ताळेबंद केला.

आणि खुद्द माणमधलीच गोष्ट. मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा धावली, त्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. या शर्यतीत सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. माण तालुक्यातल्या मुलीला सरावाला पाण्याचा खड्डा कुठून मिळणार? हे भौगोलिक कारण तिनं दिलं असतं तर देशानं मान्य केलं असतं. पण ती धावत होती, त्यामुळे तिला कारण द्यायला वेळ मिळाला नसावा.

तेव्हा आमच्या बँकेच्या परिपत्रकाच्या भाषेत माझा निष्कर्ष असा. ‘भौगोलिक कारणे द्या’ हा प्रश्न दोन ठिकाणी सक्तीचा आणि एका ठिकाणी ऐच्छिक समजण्यात यावा. दुसऱ्याचं अपयश, इथं सक्तीचा. तात्यांच्या फाइलवर ‘नियत’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्यांच्या गावी पाऊस किती मिलिमीटर पडतो, हे लिहिलंच पाहिजे. आपलं यश, इथंही सक्तीचा. ‘मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो,’ म्हणणाऱ्यानं आपल्या गावाला कालवा होता का, शाळा किती लांब होती आणि एस.टी. किती वेळा येत होती, याचा तक्ता सोबत जोडावा. आणि आपलं अपयश, इथं मात्र ऐच्छिक. सोडवलात तरी चालेल, पण शक्यतो सोडवू नये.

मला वाटतं, कांटची दोन पुस्तकं एकाच डोक्यात नांदत होती ती अशीच. नीतिशास्त्र आरशासमोर वापरायचं, भूगोल खिडकीशी बसून. आपण नेमकं उलट करतो. आरशात पाहताना आपल्याला डोंगर, वारे आणि रेखांश आठवतात, आणि खिडकीतून बाहेर पाहताना फक्त लोकांची नियत दिसते. हल्ली तर कर्ज मागायला आलेल्या माणसाची पत संगणक तीन आकड्यांत सांगतो. त्या तीन आकड्यांत हप्ते चुकलेले दिसतात. विहीर कोरडी निघाली ते दिसत नाही. आणि पैसे नाहीत हे सांगायला माणूस तिकीट काढून आला होता, हे तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. तात्यांनी पुढं पाच वर्षांत पन्नास-पन्नासच्या नोटांनी ते कर्ज फेडलं. त्या नोटा मी मोजल्या आहेत. एकही कमी नव्हती. अलीकडे उपसा सिंचनानं माणच्या काही भागात पाणी वर चढवलं आहे, तेव्हा तिथल्या माणसांची नियतही आमच्या दफ्तरी आपोआप सुधारेल.

नातीचं पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करायचा अभ्यास पुढं करायचा म्हणते. त्यातून नोकरी लागेल की नाही याची काळजी नाना करत आहेत, आणि ती त्यांनी करावी, त्यांचा तो व्यवसाय आहे. मी एवढंच म्हणेन, की तीन वर्षांत जिला ‘हा माणूस असा का?’ च्या आधी ‘हा माणूस कुठला?’ असं विचारायची सवय लागली, तिची फी वाया गेली नाही. बी.कॉम.ला आम्हांला नफा-तोटा पत्रक शिकवलं, घसारा शिकवला, पण जमीन उताराची असते हे कुणी शिकवलं नाही.

मी आपला आता फॉर्म तपासताना नाव, सही आणि रक्कम पाहून झाली की पत्त्याच्या रकान्यावर जरा थांबतो. दोनच ओळींचा रकाना असतो. गाव, तालुका, जिल्हा. थोडा वेळ जातो त्यात. रांगेतले लोक कुरकुर करतात, कुणी आवाज चढवतो, कुणी माझ्या नियतीबद्दलही बोलतो. मला राग येत नाही. त्यांच्या चिडण्याला भौगोलिक कारण आहे. पंखा काचेच्या माझ्या बाजूला आहे.